पान रंगवायचं, पण कुठलं आणि कधी?

दसरा उलटला की माझ्या फोनवर एक फोटो हमखास येतो. कधी भाचीचा, कधी वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंचा. पांढऱ्या कागदावर मेपलचं टोकदार पान छापलेलं आणि त्याच्यावर केशरी खडूची गिचमीड. खाली प्रश्न: "मावशी, हे रेषेच्या आत रंगवून उद्या शाळेत द्यायचंय. ही दोन मिनिटं बसत नाही. काय करू?"

मी बावीस वर्षं बालवाडीत काढली. मुलीचं काहीही चुकत नाहीये, चुकलंय ते पान. तिने जन्मात मेपलचं झाड पाहिलेलं नाही. खिडकीबाहेर पुण्याचा ऑक्टोबर आहे. पाऊस नुकता गेलाय, ऊन भाजून काढतंय, झाडं हिरवीगार आहेत. न पाहिलेल्या झाडाचं, न आलेल्या ऋतूतलं पान, तेही रेषेच्या आत, साडेतीन वर्षांच्या पोरीने कशाच्या जोरावर रंगवायचं?

गोंधळाचं मूळ एका शब्दात आहे. इंग्रजी ऑटमला आपण शरद म्हणून बसलो. महिने साधारण जुळतात, झाडं जुळत नाहीत. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागरी, स्वच्छ आभाळ. पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. शाळेतली पानगळ आणि झाडावरची पानगळ यांच्यात सरळ चार महिन्यांचं अंतर पडतं. न्यू जर्सीतली माझी मावसबहीण तिच्या नातीला ऑक्टोबरात हेच पान रंगवायला देते तेव्हा ते अगदी बरोबर असतं, कारण तिच्या दारात तेच पान पडलेलं असतं. तिला छापील कागदाची गरजही पडत नाही.

तर पानगळीची चित्रकला चिमुरड्यांना करू द्यायची असेल, तर आधी आपल्याला थोडं झाड कळायला हवं, थोडा रंग आणि थोडा चार वर्षांचा हात.

कोथिंबिरीची जुडी आणि मेपल

कोथिंबिरीची जुडी फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस विसरली की पिवळी पडते. तो पिवळा रंग कुठून येतो? कुठूनच येत नाही, तो आधीपासून तिथेच असतो. पानात हरितद्रव्य असतं, त्याच्या जोडीला कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी द्रव्यंही असतात. हरितद्रव्य इतकं जास्त असतं की बाकीचे रंग त्याखाली झाकून जातात. ते मोडायला लागलं की खालचा पिवळा उघडा पडतो.

थंड देशांत झाडं हेच मोठ्या प्रमाणावर करतात. दिवस लहान व्हायला लागले, गारठा वाढला, की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन आणि इतर कामाची द्रव्यं फांदीत परत ओढून घेतं. घर बदलताना आपण भांडीकुंडी आधी बांधतो आणि भिंतीवरचा रंग मागे राहतो, तसंच. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो झाकलेला नसतो, पान शेवटच्या दिवसांत तो नव्याने बनवतं, उरलेल्या साखरेपासून. त्याचं नाव अँथोसायनिन. आपल्या जांभळाचा आणि कोकमाचा रंग याच कुळातला. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार रात्री अशी जोडी जमली की मेपल लालबुंद होतं.

आपल्याकडे बर्फ नाही, मग झाडं पानं का टाकतात? पाण्यासाठी. पानाच्या पाठीला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून पाणी सतत उडून जातं. पावसानंतर जमीन वाळत जाते, मुळांना पाणी पुरेना होतं, आणि सागासारखं सुपाएवढी पानं मिरवणारं झाड हा खर्च झेपत नाही म्हणून पानंच टाकून देतं. मेपल थंडीला तोंड देतं, साग कोरड्याला.

हे सगळं चार वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही, आपण माहीत ठेवायचं. मुलाला सांगायला एक सोपी आणि खरी गोष्ट आहे, ती हातात धरून दाखवता येते. झाडाखाली गळून पडलेलं एक पान उचला आणि दुसरं झाडावरून तोडा. दोन्हींच्या देठाची टोकं मुलांना बघू द्या. तोडलेल्या देठाचं टोक फाटकं असतं, कधी सालीचा धागा लोंबतो, ओलं लागतं. गळलेल्याचं टोक कोरडं आणि बटणासारखं गुळगुळीत. कारण वाऱ्याने पान ओढून काढलेलं नसतं. देठाच्या बुडाशी झाडानेच पेशींचा एक कच्चा थर तयार केलेला असतो, तिथून ते सुटतं, आणि मागची जखम झाड आधीच बंद करून ठेवतं. आमच्याकडची मुलं मग दिवसभर देठ तपासत फिरायची. "ताई, हे पडलंय! ताई, हे कुणीतरी तोडलंय!" चोर पकडल्याचा आनंद. एकाने माळीकाकांनाच पकडलं होतं.

आपल्या अंगणातलं पान

रंगासाठी माझं सगळ्यात लाडकं झाड देशी बदामाचं. आपल्या सोसायट्यांत, शाळांच्या आवारात, बसथांब्यांशेजारी ते सर्रास असतं आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. हिवाळा सरता सरता त्याची पानं पिवळी, तांबूस, मग लालभडक होतात. एकाच पानावर तिन्ही रंगही सापडतात. पान तळहातापेक्षा मोठं, जाड, फाडायला अवघड, आणि पाठीवरच्या शिरा बोटाला सहज लागतात. लहान मुलांसाठी यापेक्षा सोयीचं पान मला माहीत नाही.

पिंपळ साधारण फेब्रुवारी-मार्चात गळतो आणि लगेच तांबूस, चमकदार पालवी फुटते. कडुनिंबाचंही तसंच, म्हणून तर पाडव्याला कोवळा पाला मिळतो. ही एक गंमत मुलांना दाखवण्यासारखी आहे: मेपल मरताना लाल होतं, आपल्याकडचा आंबा, पिंपळ, कोशिंब जन्मताना लाल असतात.

साग पानगळीत रंगाने यथातथाच. खडबडीत, तपकिरी, चुरा होणारा. पण पावसाळ्यात त्याचं कोवळं पान दोन तळव्यांत चोळा, हात लाल होतात. कोकणातल्या नि विदर्भातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. शहरातल्या पोरांच्या चेहऱ्यावर मात्र जे येतं, ते बघण्यासाठी मी दर जूनमध्ये एक फांदी पैदा करायचे.

काही झाडं मात्र टाळा. कण्हेर, पांढरी, गुलाबी किंवा पिवळी, कुठलीच नको, ती विषारी आहे आणि या वयात हातातली वस्तू तोंडात जाते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. गाजर गवताने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं. वड, पिंपळ, चाफा ही चिकाची झाडं आहेत, त्यांची ताजी पानं न तोडता गळलेलीच घ्यावीत.

गळलेलं पान लगेच वापरलं तर उत्तम. चार दिवस उन्हात पडलेलं पान बोट लावताच तडकतं. उचलून आणलेली पानं रद्दीच्या कागदांत पसरून वर पाटा किंवा जाडी पुस्तकं ठेवली की दोन-तीन दिवसांत सपाट होतात. त्याहून जास्त वाळवू नका.

रंग पानावर बसत का नाही

माझ्या पहिल्या वर्षीची फजिती सांगते. आंब्याची छान रुंद पानं आणली, वाटीत पाण्याचे रंग कालवले, वीस मुलांच्या हातात ब्रश दिले. रंग पानावर बसेचना. थेंब थेंब होऊन घरंगळायचा, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा. पाच मिनिटांत अर्धी मुलं एकमेकांना रंगवत होती.

कारण साधं आहे. पानावर मेणचट थर असतो. पाणी आत झिरपू नये आणि आतलं उडू नये म्हणून झाडाने केलेली ती सोय. पातळ रंग म्हणजे बव्हंशी पाणीच, ते मेणाला धरत नाही. उपाय दोन. एक, पोस्टर कलर घ्यायचा आणि घट्ट ठेवायचा. दुसरा, रंगाच्या वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, थेंब गोळा न होता पसरतो. शिवाय तो रंग कपड्यांवरून जरा सहज निघतो, हा आयांच्या दृष्टीने मोठा फायदा.

पण पानावर रंगवण्यापेक्षा पानाने रंगवणं या वयाला जास्त जमतं. म्हणजे ठसे. भेंडीचे ठसे आपण सगळ्यांनी केलेत, पानाचे ठसे त्याहून श्रीमंत, कारण पानात चित्र आधीच काढलेलं असतं.

पान उलटं ठेवायचं, पाठ वर. वरची बाजू गुळगुळीत असते, शिरा पाठीवर उठलेल्या असतात. बदामाच्या पानावर बोट फिरवलं की मधली जाड शीर, तिच्यातून फुटलेल्या आडव्या शिरा आणि त्यांच्यामधलं बारीक जाळं लागतं. शाळेच्या पुस्तकात याला जाळीदार शिराविन्यास म्हणतात. केळ, बांबू, गवत यांच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात, त्यामुळे त्यांचा ठसा पट्ट्यापट्ट्यांचा येतो. दोन्ही करून शेजारी ठेवले तर फरक मुलं स्वतःच सांगतात, आपण तोंड उघडायची गरज नसते.

आता रंग. इथेच बहुतेकांचं बिघडतं. ताटलीत ओता, पान बुडवा, कागदावर दाबा, असं केलं की पानाच्या आकाराचा एक डाग मिळतो, शिरा गायब. रंग जास्त झाला की शिरांमधली खोलगट जागा भरून जाते आणि उंच-सखल उरतच नाही. आपल्याला रंग उंचवट्यांवर हवाय. म्हणून रंग थापायचा नाही, टिपायचा. जुन्या सुती कापडाचा बोळा किंवा स्पंजचा तुकडा रंगात टेकवायचा, रद्दीवर एकदा टिपून जादाचा काढायचा, मग पानावर टप टप. पानाचा मूळ रंग खालून अर्धवट दिसत राहिला की समजायचं, पुरे. मग त्यावर कागद, कागदावर रद्दीचं एक पान, आणि वरून तळहाताने दाबत जायचं. घरात छोटं लाटणं असेल तर एकदाच फिरवायचं. मागे-पुढे केलं की पान सरकतं आणि दुहेरी ठसा येतो. येऊ दे, तोही वाईट दिसत नाही.

पहिला ठसा बहुधा भडक आणि गिचका येतो. पुन्हा रंग न लावता त्याच पानाचा दुसरा घ्या. दुसऱ्यात शिरा उमटतात. तिसरा धुक्यातल्यासारखा फिकट. मुलांना हे तीन एका ओळीत लावायला फार आवडतं, एकीने त्यांना आजी, आई आणि बाळ अशी नावं ठेवली होती. फिकट ठसा बाळ का, असं विचारलं तर म्हणाली, "ते अजून झोपलंय."

रंग नकोच असेल त्या दिवशी मेणखडू. पान पाठ वर करून टेबलावर, वर पातळ कागद, खडूचं वेष्टण काढून तो आडवा धरून घासायचा. रिकाम्या कागदातून पान वर येतं. जाड कार्डशीट घेतलं तर काहीच उमटत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

हाताचा एक्स-रे

मुलगी रेषेच्या आत का रंगवत नाही, याचं उत्तर तिच्या मनगटात आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या एक्स-रेत सहसा त्यातलं एकही दिसत नाही, सगळी मऊ कूर्चा असते. मग एकेक करून ती हाडं घट्ट होत जातात. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात निम्मीच तयार झालेली असतात, आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतं. बोटांचे बारीक स्नायूही अजून शिकाऊ. त्यामुळे या वयात ताकद खांद्यातून येते. मूल ब्रश मुठीत धरतं आणि अख्खा हात फिरवतं. तीन बोटांत पेन्सिल धरणं चार ते सहाच्या दरम्यान कधीतरी येतं, ज्याच्या त्याच्या वेळेने.

हे कळलं की साहित्य आपोआप बदलतं. लांब दांडीचा बारीक ब्रश नको, आखूड जाड दांडीचा, नाहीतर सरळ कापडाचा बोळा. टिपणं, दाबणं, चोळणं, सोलून काढणं या हालचाली द्या, त्याच उद्याच्या अक्षरांची मशागत आहेत. कागद खाली फरशीवर, म्हणजे खांदा मोकळा. आणि ठशात रेषेच्या बाहेर जाणं हा प्रकारच उरत नाही, कारण रेष पानाची असते.

मोठ्यांनी काय करायचं? हात मागे बांधायचे. हे सगळ्यात अवघड. मुलाच्या चित्रात "जरा नीट दिसावं म्हणून" शेवटचा हात फिरवणाऱ्या आया मी खूप पाहिल्यात, आणि सुरुवातीला मीही तेच करायचे, कारण पालकसभेला भिंत छान दिसायला हवी असायची.

परिसरातलं साहित्य वापरायचं हे काही माझं शहाणपण नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला नेलं, तेव्हा आदिवासी पाड्यांत शाळा थेट अंगणात भरायची. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. पानं, बिया, शिंपले हीच त्यांची शैक्षणिक साधनं होती. विकत आणायला पैसे नव्हते हे खरं, पण मुलाच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करायची हा त्यामागचा विचारही होता.

डोळ्यांदेखत पानगळ

एक खेळ मात्र कुठल्याही महिन्यात चालतो. हळद पाण्यात कालवून मुलांना कागदी पानांवर फासू द्या. कागद वाळला की वाटीभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा आणि कापसाच्या बोळ्याने त्या पिवळ्यावर ठिपके द्यायला सांगा. सोडा लागेल तिथे पिवळा रंग तांबूस-केशरी होतो. हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीत रंग बदलतं. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करतात, त्यामागे हेच. मुलांच्या हाती चुना द्यायचा नाही, तो त्वचेला भाजतो, सोड्यावर काम भागतं. वर लिंबाचा थेंब टाकला की रंग पुन्हा पिवळा. मग मुलं थांबतच नाहीत, कागद भिजून फाटेपर्यंत हिवाळा-उन्हाळा चालू राहतो. हे चित्र उन्हात लावू नका, हळद उन्हाने उडते. आणि कपड्यांवरची हळद साबणाने आणखी लाल होते, तेव्हा जुने कपडे घाला. हे मी एकदा पांढऱ्या गणवेशावर शिकले.

दसऱ्याला काहीतरी करायचंच असेल तर मेपल सोडा, आपटा घ्या. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेराने चौदा कोटी सुवर्णमुद्रांचा पाऊस पाडला, ती गोष्ट सांगायची आणि पानाच्या पाठीवर पिवळा रंग टिपून ठसे काढायचे. पानाच्या दोन पाळ्या, देठापासून पंख्यासारख्या फाकलेल्या शिरा, ठसा सुबक येतो. एका पानातून अख्ख्या वर्गाला सोनं पुरतं, फांद्या ओरबाडाव्या लागत नाहीत.

पानाच्या ठशाचं खरंखुरं सोनंही एकाने केलं होतं. १७३० च्या दशकात फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनचा छापखाना होता, तिथे कागदी नोटा छापल्या जात. खोट्या नोटांचा सुळसुळाट होता. फ्रँकलिनने खऱ्या पानावरून साचा केला आणि नोटेच्या पाठीवर पानाचा ठसा छापला. शिरा जाडीतून बारीक होत होत केसाएवढ्या होतात, ते हाताने कोरणं नकली नोटावाल्यांना जमेना, आणि दुसरं अगदी तसंच पान शोधावं तर ते जगात नसतं. साचा कसा केला हे त्याने गुपित ठेवलं. मी ही गोष्ट मोठ्या गटाला सांगायचे, मग ठशांच्या नोटा करून दुकान-दुकान खेळायचो. आपट्याच्या दोन नोटांना एक पेरूची फोड. बदामाची नोट आकाराने मोठी, म्हणून तिला तीन फोडी मिळाल्या पाहिजेत, यावर एकदा भांडण झालं होतं.

भाचीला मी गेल्या ऑक्टोबरात एवढंच कळवलं होतं: केशरी गिचमीड तशीच दे, फेब्रुवारीत बदामाखाली जा. मार्चमध्ये तिचा फोटो आला. कागदावर एकच लाल ठसा, तोही अर्धा बाहेर गेलेला, पण मधली शीर टोकापर्यंत उमटलेली. शेजारी पांढऱ्या फरशीवर ठसे मात्र भरपूर होते, पाच-सहा पानांचे आणि दोन छोट्या पावलांचे. फरशी धुतली की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.